काकांची ठेव आणि व्हिसाचा अर्ज : खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

ही हकीकत खरी आहे. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी बँकेतून निवृत्त झालो आणि बेळगावातच राहतो. ओळखीच्या पोरांचे अर्ज तपासून देणं हा सध्याचा उद्योग, फी एक कप चहा. हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा पहिला नकार येऊन गेला होता.

पार्श्वभूमी

मुलीला मेघना म्हणू. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं गाव, मराठी शाळा, पीयूसी (अकरावी-बारावी) आणि बीएस्सी बेळगावात, पदवी राणी चन्नम्मा विद्यापीठाची. वडील, म्हणजे अप्पा, काजूच्या कारखान्यात मुकादम. काजूत ओल राहिली की काय होतं, परतीचा माल का येतो, हे मुलीनं लहानपणापासून घरात ऐकलेलं. त्यामुळे इंग्लंडमधला अन्नसुरक्षेचा एक वर्षाचा एमएस्सी अभ्यासक्रम तिनं निवडला त्यात नवल नव्हतं. विद्यापीठ लंडनबाहेरचं, फी १७,००० पौंड. त्यातले ५,००० आगाऊ भरले आणि जानेवारी २०२५ चा प्रवेश पक्का झाला.

पैशाचं घरातलं गणित साधं होतं. अप्पांचे धाकटे भाऊ बेळगावच्या उद्यमबागेत लेथचं वर्कशॉप चालवतात. मुलीचं शिक्षण ‘घरातलं’ म्हणून त्यांनीच अंगावर घेतलं. त्यांची बारा लाखांची ठेव एका सौहार्द सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेसारख्या सहकारी संस्थेत होती. अप्पांच्या बँक खात्यात तीन लाख. बाकी शेत, घर आणि भावकीतला शब्द.

पहिला अर्ज आणि नकार

शहरातल्या एका सल्लागारानं फाइल बांधून दिली. फाइल जाड होती. काकांच्या ठेवीची पावती, अप्पांचं पासबुक, शेताचा उतारा, चार्टर्ड अकाउंटंटनं दिलेला मालमत्तेचा दाखला आणि वर नोटरीचं एक प्रतिज्ञापत्र की काका हेच मुलीचे पालक आहेत. मुलगी एकवीस वर्षांची, आईवडील दोघंही हयात, आणि पालक काका! नोटरीच्या शिक्क्यानं कुणी कायद्यानं पालक होत नाही, हे त्या सल्लागाराला कळत नसेल असं मला वाटत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ४९० पौंड व्हिसा फी आणि १,१६४ पौंड आरोग्य अधिभार भरून अर्ज गेला. महिना संपायच्या आत नकार आला. पत्रात घुमवून काही लिहिलं नव्हतं. दाखवायला हवे होते २१,२०७ पौंड : उरलेली फी १२,०००, आणि राहण्याखाण्यासाठी दरमहा १,०२३ प्रमाणे नऊ महिन्यांचे ९,२०७. अधिकाऱ्यानं हिशेबात फक्त अप्पांचे तीन लाख धरले.

आरोग्य अधिभार परत आला. व्हिसा फी गेली ती गेली. विद्यापीठानं मात्र आगाऊ रक्कम ठेवून घेऊन प्रवेश सप्टेंबर २०२५ वर ढकलला. हे झालं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

अडचण नेमकी कुठे होती

माझ्याकडे आले तेव्हा काकांचा पहिला प्रश्न होता, “सर, पैसे हाईत की आमच्याकडं. खोटं कुठं दाखवलं आमी?”

खोटं काहीच नव्हतं, प्रतिज्ञापत्र सोडलं तर. पण ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाच्या नियमात पैसा कुणाचा चालतो याची यादी छोटी आहे. अर्जदाराचा स्वतःचा, आईवडिलांचा, कायदेशीर पालकाचा, जोडीदाराचा. याशिवाय शैक्षणिक कर्ज किंवा अधिकृत शिष्यवृत्ती. काका, मामा, आजोबा, थोरला भाऊ या यादीत कुठेच नाहीत. आपल्याकडे एका चुलीवर जेवणारी माणसं एक घर, तिथे जन्मदाखल्यावर ज्यांची नावं तेवढंच घर.

दुसरी खोट ठेवीच्या जागेत होती, आणि ती आपल्या भागात फार जणांना नडेल अशी आहे. बेळगावात गल्लोगल्ली पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्या आहेत, लोकांचा विश्वासही आहे. पण सौहार्द सोसायटीची नोंदणी होते कर्नाटकच्या १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याखाली. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो. ब्रिटनचा नियम विचारतो की पैसे ठेवणारी संस्था तिच्या देशातल्या योग्य नियामकाखाली आहे का, नोंदी संगणकावर आहेत का, आणि पडताळणी करता येते का. पहिल्याच प्रश्नावर पावती गळते. म्हणजे ठेव काकांऐवजी अप्पांच्या नावावर असती तरी भागलं नसतं.

उतारा आणि मालमत्तेचा दाखला यांना तर या व्हिसात शून्य किंमत. सगळा प्रश्न हातात येणाऱ्या पैशाचा. जमीन कितीही असो, ती रोकड नव्हे.

तिसरी गोष्ट नकारपत्रात आलेली नव्हती, पण पुढे आली असती. आईवडिलांचा पैसा दाखवायचा तर नातं जन्मदाखल्यानं सिद्ध करावं लागतं. मेघनाचा दाखला जुना, हातानं लिहिलेला, कन्नडमधला. त्यात वडिलांचं नाव परसराम. आधारवर परशराम, पासबुकात परशुराम. मराठी नाव, कन्नड कारकून आणि इंग्रजी छपाई, अशी तीन हातांतून गेलेली नावं आमच्या सीमाभागात घरोघरी सापडतात. पासपोर्टवर जन्मस्थळ बेलगाम आणि नव्या कागदांवर बेळगावी, यावरूनही सल्लागारानं त्यांना घाबरवून एक वेगळं प्रतिज्ञापत्र करून घेतलं होतं. त्याची गरज नव्हती. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, हे जगजाहीर आहे. वडिलांच्या नावाचा घोळ मात्र खरा होता.

समोरचे पर्याय

नकारावर फेरतपासणी मागता येते, २८ दिवसांत, ८० पौंड भरून. पण ती अधिकाऱ्याची चूक झाली असेल तर. इथे त्याची चूक नव्हतीच. हा पर्याय पाच मिनिटांत बाद केला.

त्याच सल्लागारानं पुढचा तोडगा काढून ठेवला होता : अप्पांच्या खात्यात कुणीतरी महिनाभर पंचवीस लाख ठेवणार, त्याचं व्याज आपण द्यायचं, महिना झाला की पैसे परत. आपल्याकडे याला ‘फंड दाखवणं’ म्हणतात. अप्पा थोडे झुकलेले दिसले, कारण “सगळीच करत्यात” असं त्यांना सांगितलं गेलं होतं. मी एवढंच सांगितलं की हे फसवणूक म्हणून धरलं गेलं तर मुलीवर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. काकांनी तिथेच विषय संपवला.

जर्मनीचा विचार आम्ही गांभीर्यानं केला. तिथे बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. ब्लॉक खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे तेव्हाच्या भावानं अकरा लाखांच्या आसपास, मुलीच्या नावानं ठेवायचे. काकांच्या बारा लाखांत ते बसत होतं. पण नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आधी शैक्षणिक कागदपत्रांसाठी एपीएस संस्थेचं पडताळणीपत्र लागतं, तिच्या विषयात इंग्रजीतून शिकवणारे अभ्यासक्रम मोजके, आणि इंग्लंडमध्ये भरलेले ५,००० पौंड अडकलेले. मेघनानंच नको म्हटलं. माझं मत आजही थोडं वेगळं आहे. पैशाच्या बाजूनं बघितलं तर जर्मनी स्वस्त पडली असती. पण शिकायचं तिला होतं.

उरलं कर्ज. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला राष्ट्रीयीकृत बँका तारण मागतात. शेत चालत नाही, कारण थकबाकीत शेतजमीन जप्त करायचा सरफेसी कायद्याचा रस्ता बँकेला बंद असतो. गावठाणातल्या घराचा ई-स्वत्तुचा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता-नोंदीचा, फॉर्म ९ अजून निघाला नव्हता. तारण देण्याजोगं एकच होतं, काकांचा शहरातला बिनशेती प्लॉट.

मला इथे गंमत वाटली. ज्या काकांना व्हिसा अधिकारी ओळखत नव्हता, तेच काका बँकेच्या दारातून आत आले तर चालणार होते. काकांचा प्लॉट तारण, काका जामीन, आणि कर्ज मात्र मेघनाच्या नावावर. शैक्षणिक कर्ज नियमाच्या यादीत आहे, आणि त्याला जन्मदाखला लागत नाही. परसराम की परशुराम हा प्रश्नच निघून जातो.

घरातला निर्णय

गणित जुळलं, माणसं जुळायला आणखी पंधरा दिवस गेले. मी गेलो त्या संध्याकाळी काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ठेव मोडा, मी कधी नको म्हटलंय? पण प्लॉट माझ्या पोराचा हाय. उद्या हिला तिकडं नोकरी लागली नाही तर बँक कुणाच्या दारात येतली?”

खोलीत कुणालाच बोलायला सुचेना. अप्पा दुखावले. मला काकूंचं चुकलं असं वाटलं नाही. इतरांनी न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला होता. मी सुचवलं की भावाभावांत लिहून ठेवा : हप्ते थकले तर अप्पांच्या वाट्याच्या जमिनीचं काय करायचं. अप्पांना ते आधी अपमानाचं वाटलं. आठ दिवसांनी त्यांनीच वकिलाकडे जाऊन मसुदा करून आणला.

बँकेतही एक दिवस अडलं. तारणाचे कागद कन्नडमध्ये होते. काकांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. “वाचून दावल्याशिवाय सही करत नाही,” म्हणून ते उठून आले. कन्नड जाणणाऱ्या वकिलानं ओळ न् ओळ वाचून दाखवली, त्यात तीन दिवस गेले. शाखेतल्या लोकांना तो हट्ट वाटला. आयुष्यभर टेबलाच्या पलीकडे बसलेला मी, मला तो शहाणपणा वाटला.

कर्जाचं पत्र आणि अठ्ठावीस दिवस

नवा हिशेब मांडला. २ जानेवारी २०२५ पासून राहण्याखाण्याची रक्कम लंडनबाहेर दरमहा १,१३६ पौंड झाली होती. नऊ महिन्यांचे १०,२२४. उरलेली फी १२,०००. एकूण २२,२२४ पौंड, ११७ रुपयांनी साधारण सव्वीस लाख. सहा महिन्यांत आकडा हजार पौंडांनी वर गेलेला, पौंडाचा भाव वर गेलेला तो वेगळाच. व्हिसा फीही एप्रिलपासून ५२४ झाली होती.

बँकेनं बावीस लाख मंजूर केले. चार लाख कमी पडत होते. ते काकांनी ठेव मोडून द्यायचे ठरले. पण कुणाच्या खात्यात? सगळे म्हणाले अप्पांच्या. मी म्हटलं मेघनाच्या. अप्पांच्या खात्यात टाकले की पुन्हा जन्मदाखला, भाषांतर, संमतिपत्र, नावाचा घोळ. तिच्या स्वतःच्या खात्यात असले की यातलं काही नाही. काकानं पुतणीला दिलेली भेट आयकरात नातेवाइकाची भेट म्हणून करमुक्त असते. साधं भेटपत्र केलं, रक्कम चेकनं दिली.

चारऐवजी सहा लाख ठेवले. व्हिसा अधिकारी अर्जाच्या दिवशीचा विनिमय दर धरतात. रुपया थोडा घसरला आणि शंभर पौंड कमी पडले तर नकारच येतो, ‘जवळजवळ पुरेसे’ असं काही नसतं.

नियम असा : स्वतःची रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, एक दिवसही खाली जाता कामा नये, आणि त्या काळाचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधी ३१ दिवसांच्या आत हवा. सोसायटीनं मुदतीआधी ठेव मोडायला वेळ लावला. रक्कम २ जूनला खात्यात आली. १४ जूनला अप्पांना धाकट्या मुलाच्या फीसाठी वीस हजार हवे होते, “दोन दिसासाठी”. जास्तीचे दोन लाख खात्यात होते, वीस हजारांनी बिघडलं नसतं. तरी मेघनानं दिले नाहीत. एकदा हात लागला की दुसऱ्यांदा लागतो, हे पोरीला माझ्याआधी कळलं.

खरा धोका आला कर्जाच्या पत्रात. बँकेचं ठरलेलं मंजुरीपत्र म्हणत होतं की रक्कम ‘व्हिसा, स्वतःचा हिस्सा आणि बँक मागेल ती इतर कागदपत्रं दिल्यावर’ दिली जाईल. नियम म्हणतो की व्हिसा मिळणं सोडून दुसरी कोणतीही अट असता कामा नये. पत्रावर कर्ज अर्जदाराच्या नावानं, रक्कम, तारीख आणि पैसे प्रवासाआधी मिळतील हेही हवं, पत्र अर्जाच्या आधी सहा महिन्यांतलं हवं. शाखाधिकारी म्हणाले, फॉरमॅट वरून येतो, मी बदलू शकत नाही. माझ्या काळात मीही हेच म्हटलं असतं. मग अप्पांच्या खात्यातले तीन लाख हिस्सा म्हणून बँकेत आधीच जमा केले, बाकीची कागदपत्रं तेव्हाच देऊन टाकली आणि विभागीय कार्यालयाकडून वेगळं पत्र मागवलं. दहा दिवस लागले. त्या पत्रात एकच अट राहिली.

दुसरा अर्ज

क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला सहा महिनेच चालतो. नोव्हेंबरमधला संपला होता. नवी तपासणी बंगळूरला. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बापलेक रात्री निघाले, सकाळी तपासणी करून आले. विद्यापीठानं नवं कॅस पत्र, म्हणजे व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं पत्र, देण्याआधी ऑनलाइन मुलाखत घेतली. तिथे विचारलं, पैसे कोण देतंय? पहिल्या वेळी सल्लागारानं ‘माय फादर’ असं पाठ करून घेतलं होतं. या वेळी तिनं जसं होतं तसं सांगितलं : कर्ज माझ्या नावावर, तारण काकांचं, थोडी रक्कम काकांनी भेट दिलेली.

१७ जुलैला अर्ज भरला. आधीच्या नकाराच्या रकान्यात ‘हो’ लिहिलं, कारण आणि यावेळी काय बदललं ते चार ओळींत. तो रकाना पुढे इतर अनेक देशांच्या अर्जांतही तिला भरावा लागणार आहे. बोटांचे ठसे द्यायला पुन्हा बंगळूर.

निकाल

६ ऑगस्टला ईमेल आला. व्हिसा मंजूर. अप्पांनी पासपोर्ट उलटून पालटून पाहिला आणि विचारलं, “व्हिसा कुठाय?” १५ जुलै २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या अर्जांना पासपोर्टात चिकटवायचं स्टिकर बहुतेक बंद झालं, आता सगळं ऑनलाइन खात्यात असतं. पान कोरंच. शेवटी स्क्रीनची छपाई काढून दिली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. ती देवघरात ठेवली गेली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक माझ्या मते सल्लागाराकडे जाण्यात नव्हती. ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर पैशाचा नियम दोन पानांत आहे, तो फी भरण्याआधी कुणीच वाचला नाही, ही चूक. मेघनाचं इंग्रजी त्यासाठी पुरेसं होतं. तिला वाटलं, असलं काम मोठ्यांचं.

काकांची ठेव सहा महिने आधी मोडून मेघनाच्या बँक खात्यात आली असती तर कर्ज कमी घ्यावं लागलं असतं, प्लॉटवरचा बोजाही कदाचित टळला असता. फॉर्म ९ वेळेत काढला असता तर गावचं घर तारण देता आलं असतं आणि काकूंचा प्रश्न उभाच राहिला नसता. हे आता म्हणणं सोपं आहे.

माझ्याकडूनही एक राहिलं. बँकेचं मंजुरीपत्र मी मे महिन्यातच मागून वाचायला हवं होतं. जूनअखेर वाचलं. विभागीय कार्यालयानं आणखी पंधरा दिवस लावले असते तर जुलै सरला असता, ३१ दिवसांची मुदत संपली असती, आणि बँकेतून खात्याचा नवा उतारा काढून पुन्हा मोजणी. सप्टेंबरची सुरुवात हुकण्याचा धोका खरा होता. त्या दहा दिवसांत मला झोप नव्हती, हे मी त्या घरात कधी सांगितलं नाही.

जन्मदाखल्याचा घोळ आम्ही टाळला, सोडवला नाही. कर्जाच्या रस्त्यानं यावेळी त्याची गरज पडली नाही, एवढंच. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली नावातली चूक दुरुस्त होते, पण वेळ लागतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लंडनबाहेरची मासिक रक्कम पुन्हा वाढून १,१७१ पौंड झाली. मेघना आठवड्याला वीस तासांच्या मर्यादेत एका बेकरीत काम करते, तिथले तापमानाचे तक्ते बघून अप्पांना फोनवर काजूबद्दल सूचना देते. काकूंचा मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या जन्मदाखल्यात आईचं नाव चुकलंय, ते दुरुस्त करायचा अर्ज काकूंनी मागच्या महिन्यात महानगरपालिकेत स्वतः नेऊन दिला.